आमच्याकडे दार वाजवत नाहीत

१

हे मी सांगायचं नाही, असं मला दोघींनी बजावलं आहे. मार्गोनं बजावलं, कारण जहाजात काय सापडलं ते तिच्या कचेरीनं जाहीर करण्याआधी बाहेर जायला नको होतं. निवियाकताईनं बजावलं, कारण आजीला कळायला नको. मार्गोचं जाहीर होऊन गेलं, शाळेच्या फळ्यावर त्याचं कात्रणही लावलं आहे. ताईचं राहिलं. आजीला माझं लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून लिहिते. बोलून मी कोणालाच काही सांगत नाही, वर्गातसुद्धा.

बुडालेल्या जहाजावर उन्हाळ्यात पहारा ठेवायचं काम आमच्या गावाकडे आहे. समुद्रावरचा बर्फ फुटला की पाळीपाळीनं एकेक घर होडीतून बेटावर जातं आणि किनाऱ्यावरच्या प्लायवूडच्या खोपीत राहतं. परकी होडी आली, कोणी बुडी मारायला लागलं, तर गावात कळवायचं. आमच्या पाळीला आई कामामुळे गावातच राहिली होती. बाकी दिवस घरच्यासारखाच. जोनासीमामा दुर्बीण घेऊन टेकाडावर बसायचा आणि अस्वलं येतात का बघायचा. आजी मासे चिरून दोरीवर वाळत घालायची. मी तळ्यावरून पाणी आणायची. ताई पोटुशी होती. ती झोपायची, आणि उठली की खायची.

"पणजोबा, पाणी संपलंय," ती अंथरुणातूनच म्हणायची.

"आत्ताच आणलंय मी."

"मग पणजोबांनीच पिऊन टाकलं असेल."

पणजोबा म्हणजे मी. माझं नाव उकालिक. आजीच्या वडिलांचं नाव उकालिक होतं. ते गेल्यावर ते नाव बरीच वर्षं रिकामं राहिलं, मग मी जन्मले. म्हणून मी आजीचे वडील आहे. आजी मला 'बाबा' म्हणते, अहोजाहो करते, आणि मी उभी असले की आधी मला बसायला जागा करून देते. ताईला यात थट्टा दिसते. आजीला दिसत नाही.

आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांचं नाव तुलुगाक. आजीनं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, 'अहो' म्हणायची. ते गेल्यावरही चहा ओतताना तिच्या तोंडून 'अहो' निघायचं आणि मग ती किटली खाली ठेवायची. ताईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आजी उठली. तिनं आजोबांचा जाड स्वेटर पेटीतून काढला, उसवला, आणि त्या लोकरीचा अगदी छोटा कोट विणायला घेतला.

नुसतं नाव ठेवून भागत नाही. ज्याला परत यायचं असतं, तो आधी येऊन जातो. स्वप्नात येतो, आत शिरतो, पाणी मागतो. गेलेल्या माणसाला फार तहान असते. पाणी दिलं की तो राहतो. म्हणून बेटावर रोज सकाळी, चुलीवर बॅनकची जाड भाकरी टाकता टाकता, आजी ताईला विचारायची, "कोणी आलं होतं का गं?"

"नाही आजी."

"येतील. त्यांना कुठेही जायला उशीरच व्हायचा."

२

मार्गो दक्षिणेकडची. पाण्याखालच्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करते. तिची मोठी बोट बुडालेल्या जहाजाच्या वर नांगर टाकून असायची. आमच्यापैकी कोणीतरी समोर असल्याशिवाय जहाजाला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून ती मामाला आणि मला रोज तिकडे न्यायची. मामा खुर्चीत झोपायचा. मी पडद्यासमोर बसायची.

पडद्यावर 'कॉन्स्टन्सी', ते बुडालेलं जहाज, दिसायचं. ग्रॅहम नावाचा माणूस एक छोटा रोबॉट खाली सोडायचा, त्याच्या दिव्यात हिरवं पाणी आणि पाण्यात जिना. फडताळात ताटं तशीच रचलेली. भिंतीवर खुंट्या, एका खुंटीवर पट्टा.

"हे लोक सोनं शोधायला नव्हते आले," मार्गोनं मला सांगितलं. "व्यापारालाही नाही. होकायंत्र इथे का भरकटतं, समुद्राच्या तळाला काय राहतं, एवढंच बघायचं होतं. नुसतं कळावं म्हणून आले."

नुसतं कळावं म्हणून घर सोडून जाता येतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे माणूस शिकारीला जातो, दवाखान्यात जातो, नाहीतर खाणीवर कामाला जातो. ताईच्या बाळाचा बाप गेला आहे तसा. मार्गो बोलायची तेव्हा मी श्वाससुद्धा हळू घ्यायची.

"तुला आवडतं का हे?" तिनं विचारलं.

मी भुवया उचलल्या.

"आवडत नाही का?"

मी परत उचलल्या.

"अहो, हो म्हणतेय ती," मामा डोळे न उघडताच म्हणाला. "आमच्याकडे भुवई वर म्हणजे हो. नाक मुरडलं म्हणजे नाही. मान हलवली तर डास चावला समजायचं."

त्या दिवशी रोबॉट मागच्या बाजूच्या बोळात गेला. दोन्ही बाजूंना खोल्या, सगळ्यांची दारं उघडी, आत गाळ. एकच दार बंद होतं.

"जीवशास्त्रज्ञाची खोली असणार ही," मार्गो पुढे वाकली. "आराखड्यात इथेच आहे."

"ढकलू?" ग्रॅहमनं विचारलं.

"असं कसं ढकलतोस? सभ्य माणसासारखं आधी दार वाजव."

ग्रॅहम हसला. त्यानं रोबॉटचा लोखंडी चिमटा मिटला आणि दारावर दोनदा टेकवला. टक, टक. आम्हाला आवाज आला नाही. पडद्यावर दोनदा गाळ उडाला. मीपण हसले. मामा जागा झाला होता.

"काय केलंत?" त्यानं विचारलं.

"काही नाही हो, गंमत."

गाळ खाली बसला तेव्हा दार अर्धं उघडं होतं. ग्रॅहमचा हात यंत्रावर नव्हता. पाण्याच्या ओढीनं उघडलं असेल, असं तो म्हणाला, आणि ते खरं असू शकतं.

आत एक फळी होती, तिच्यावर काचेच्या बरण्या ओळीनं, झाकणं घट्ट. प्रत्येकीत काहीतरी पांढरट. खाली टेबल. टेबलाची खुर्ची मागे सरकवलेली होती, आत्ता कोणी उठलं असावं तशी. हाडं कुठेही नव्हती.

मार्गोनं तोंडावर हात धरला. "बाकीचे जहाज सोडून गेले. हा राहिला. शेवटपर्यंत काम करत राहिला हा."

मला त्या वेळी आयुष्यात दुसरं काहीच नको होतं. तसं टेबल, तशी फळी आणि एक बंद करता येणारं दार.

३

त्याच दिवशी आम्ही खोपीत जेवायला बसलो होतो. उकडलेलं कॅरिबू हरणाचं मांस मध्ये ठेवलं होतं. दारावर टक, टक.

आमच्याकडे दार वाजवत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, बूट काढतो, बसतो. चहा हवा तर स्वतः ओतून घेतो. दार वाजवतात ते पोलीस, नर्स आणि दक्षिणेकडची माणसं.

"ती बाई असेल बोटीवरची," आजी म्हणाली. "बघा बाबा. जेवल्याशिवाय जाऊ नको म्हणावं."

आजीला इंग्रजी येत नाही. ते बोलायचं काम माझं असतं. मी उठून दार उघडलं. उन्हाळा, सूर्य मावळत नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं. खडी, वाळत घातलेले मासे, आमची होडी. किनाऱ्याला दुसरी होडी नव्हती. मार्गोची बोट लांब, होती तिथेच.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तंबूचा दोर आपटला असेल," मामा म्हणाला.

"तंबू आहे कुठे?" ताई म्हणाली. "खोपीला कसला दोर?"

"मग तुझं पोट वाजलं असेल. खा."

आम्ही तिघं हसलो. आजीनं जास्तीचा एक कप काढला होता, तो पालथा घालून ठेवला.

त्यानंतर रोज. कधी सकाळी, कधी दुपारी. नेहमी दोनदा, मग शांतता. वारा असा वाजवत नाही. वाऱ्याला उत्तर नको असतं. जो कोणी वाजवत होता तो वाजवून झाल्यावर थांबत होता. थांबणं ऐकू येत नाही हे मला कळतं. तरी ते ऐकू येत होतं.

४

"बाबा, तुम्हीच मला सांगितलं होतंत हे," आजी म्हणाली.

आम्ही दोघी पाण्याच्या कडेला मासे साफ करत होतो. आजी अर्धचंद्री सुरीनं चिरायची, मी आतडी काढायची. तिच्या वडिलांनी तिला लहानपणी जे सांगितलं ते ती मला असंच आठवण करून देते, जसं काही मी विसरले आहे.

"आपली माणसं त्या लाकडाच्या घरात गेली होती. तेव्हा ते बर्फात अडकून उभं होतं. गोरे लोक सगळं उघडं टाकून निघून गेले होते. एकच दार बंद होतं. आत कोणीतरी होता. काचेवर काच ठेवल्याचा आवाज येत होता."

"मग?"

"मग काय. आपले लोक दाराशी बसले. एवढी माणसं आली आहेत, बोलताहेत, हसताहेत, त्याला कळलं असणारच. येईल बाहेर म्हणून थांबले. सीलचं मांस नेलं होतं, ते दाराशी ठेवलं. तो आला नाही. त्याला माणसं नको असतील, असं समजून ते परत फिरले."

"दार वाजवलं नाही कोणी?"

आजीनं नाक मुरडलं. "तेव्हा कोणाला ठाऊक होतं ते? माणूस आत आहे, दार त्याचं आहे. बोलवायचं झालं तर तो बोलावेल."

"आणि तो?"

"तो नाही आला." तिनं मासा उलटा केला. "पुढच्या उन्हाळ्यात गेले तर घरच नव्हतं. बर्फ आणि पाणी. तुम्हाला फार वाईट वाटायचं सांगताना. म्हणायचात, मांस अगदी दाराला लागून ठेवलं होतं."

मी हात पाण्यात धुतले. पाणी इतकं थंड होतं की बोटं माझी आहेत असं वाटत नव्हतं. आत एक माणूस वाट बघत होता, बाहेर सगळे वाट बघत होते. मी मार्गोला हे सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. तिला आवडलं असतं.

५

मी ठरवलं की आधी तपासून बघायचं.

दारावर बाहेरून लाल चिंधी टांगली. वारा असला तर ती हलायला हवी. उंबऱ्यापुढच्या फळीवर पीठ भुरभुरलं. मग आत बसून राहिले. दार वाजलं तेव्हा खिडकीतून बघितलं, चिंधी सरळ लोंबत होती. पिठावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आवाज कुठून येतो ते ऐकलं. माझ्या डोक्याच्या जरा वरून येत होता. म्हणजे वाजवणारा माझ्यापेक्षा उंच.

मग मी आतून दारावर त्या जागी तळहात टेकवून उभी राहिले. आजीनं विचारलं, "बाबा, काय करताय?" मी म्हटलं, काही नाही. पाय दुखायला लागले तरी उभी राहिले. आणि माझ्या तळहाताखाली टक, टक झालं. लाकूड दोनदा आत दबलं. पाठीवर कोणी बोटानं हळूच हाक मारावी तसं.

मला भीती वाटायला हवी होती. मला एवढंच वाटलं की आणखी कळायला हवं.

मार्गोला मी सांगितलं. आपणहून मी तिच्याशी बोलले ती तेवढीच वेळ. आजीची गोष्ट सांगितली नाही, फक्त दार, चिंधी, पीठ आणि तळहात. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"प्लायवूड उन्हानं फुगतं आणि सावली आली की आक्रसतं," ती म्हणाली. "तेव्हा असा आवाज होतो. दोनदाच का होतो ते मला सांगता येणार नाही. पण चिंधी टांगायचं तुला सुचलं, हे फार चांगलं. तू शास्त्रज्ञ होशील."

मागे बरण्या एकेक करून वर येत होत्या. ओल्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होते. तिचं वाक्य मला दोन दिवस पुरलं. त्या दोन दिवसांत दार वाजलं तरी मी वर बघितलं नाही. प्लायवूड, असं मनात म्हटलं.

६

एका दुपारी धुकं उतरलं. मामा आणि आजी जवळच्या खाडीत जाळं बघायला गेले होते. ताई झोपली होती. मी वरच्या बाकावर पालथी पडून गणितं सोडवत होते.

टक, टक.

ताई उठून बसली. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं इंग्रजीत म्हटलं, "या ना, आत या." दवाखान्यात नर्सशी बोलताना काढते तसा स्वच्छ आवाज. आमच्या भाषेत असं म्हणायची वेळच येत नाही.

ती खाली उतरली. बादलीत मग बुडवला. दार थोडं उघडलं आणि मगसकट हात बाहेर काढला. तशीच उभी राहिली. थंड हवा माझ्यापर्यंत आली.

दाराशेजारी प्लास्टिकची छोटी खिडकी आहे, धुरकट झालेली. मी मान वळवून तिच्यातून बघितलं. धुक्यात एक माणूस उभा होता. गडद कोट. टोपी काढून त्यानं काखेत धरली होती. केस कोरडे होते, पाणी लावून विंचरल्यासारखे चपट बसलेले. तो खाली बघत होता आणि उंबऱ्यापुढच्या फळीवर बूट पुसत होता. एक पाय, मग दुसरा, मग परत पहिला. लोकांच्या घरी जाताना माणूस पुसतो तसे. चेहरा दिसेल एवढा तो वळला नाही.

ताईचा हात आत आला. हातातला मग रिकामा होता. तिनं दार लावलं.

खिडकीत कोणी नव्हतं. धुकं होतं, दोरीवरचे मासे होते. मी पेन्सिल हातात धरून पडून राहिले. बऱ्याच वेळानं मला प्रश्न पडला, की दार लागलं तेव्हा तो दाराच्या कुठल्या बाजूला होता.

त्यानंतर दार कधी वाजलं नाही.

७

आजी परत आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ताई अंथरुणात बसली होती, तोंड पडलेलं. आजी सकाळीच विचारायची, दुपारी नाही. पण तिनं ताईकडे बघितलं आणि विचारलं, "कोणी आलं होतं का गं?"

आजी पुसायचं फडकं हातात घेऊन उभी होती. हात पुसत नव्हती.

"आजोबा," ताई म्हणाली. "आजोबा आले होते. पाणी मागितलं. मी दिलं."

आजी उलट्या बादलीवर बसली. "पायात काय होतं?"

"बूट. जुनेच."

"मी शिवलेले? ज्यांची टाच झिजलेली?"

ताईनं भुवया उचलल्या.

"नवे करून दिले होते, तरी तेच घालणार," आजी म्हणाली. "तरी म्हटलं, इतके दिवस कुठे राहिले. आळशी माणूस." आणि ती हसायला लागली. हिवाळ्यानंतर ती पहिल्यांदा हसली. मामानं आजीकडे बघितलं, मग उठून बाहेर गेला, कारण त्याचे डोळे भरले होते. त्याचे वडील परत येणार होते.

मी ताईला पाण्याच्या कडेला गाठलं.

"तू बघितलंस?" तिनं विचारलं.

मी भुवया उचलल्या.

"मला वाटलं मी झोपेत आहे. कोण होता मला माहीत नाही. फार दमलेला होता गं. पाणी मागितलं. तहानलेल्याला काय नाही म्हणू?"

"आजीला सांग."

"आत्ता कशी हसली ती, बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग तू सांग जाऊन. आहेस ना तिचा बाप." ती वळली आणि मग थांबून म्हणाली, "नको सांगूस. बाळ झालं की सगळं नीट होईल. नाव ठेवलं की जो असेल तो त्या नावाचा होईल."

असं होत असेल, असं मलाही वाटलं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

८

सूर्य दिसेनासा झाला त्याच आठवड्यात बाळ झालं, मुलगा. आमच्याकडे बाळंतपणाला विमानानं शहरात पाठवतात. ताई परतली तेव्हा सगळं घर धावपट्टीवर गेलं होतं. आजी वाऱ्यात उभी होती, तिच्या अंगरख्याच्या आत तो छोटा लोकरी कोट गरम ठेवलेला.

तिनं बाळाच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. "आलात का," ती म्हणाली. "अहो, किती उशीर."

बाळ रडायला लागलं.

ते रडतच राहिलं. दूध प्यायचं आणि रडायचं, थकून झोपायचं आणि उठून रडायचं. आजी त्याला पाठीवर बांधून घरभर फिरायची. अहो, हे बघा, तुमची बंदूक. अहो, हा जोनासी, ओळखलंत ना. बाळ तिच्या पाठीवर ताठ होऊन रडायचं.

बाळ असं रडलं म्हणजे नाव चुकलं आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गावातल्या म्हाताऱ्या येऊन बसल्या. एकेक गेलेल्याचं नाव घेऊन बघतात, बाळ गप्प झालं की तो आला होता हे कळतं. त्यांनी सुरुवात केली तर आजीनं त्यांना थांबवलं.

"त्यांना नाव आहे," ती म्हणाली.

"अगं, पण एकदा बघू तरी. तुझ्या भावाचं घेऊ?"

"पाणी मागून आलेत ते. चहा घ्या आणि जा."

म्हाताऱ्या चहा पिऊन गेल्या. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बशा विसळत होते. सांगायचं असेल तर आत्ता, असं मला वाटलं. बशा संपल्या.

मग एक दिवस नर्स बाळाला सुई टोचायला आली. दारावर टक, टक.

बाळ गप्प झालं. आजीच्या पाठीवर होतं, त्यानं पूर्ण मान वळवून दाराकडे बघितलं. इतक्या लहान बाळाची मान धरत नाही. ते बघत राहिलं. नर्स आत आली, बूट पुसून उभी राहिली, म्हणाली, "किती शहाणं बाळ आहे हे." सुई टोचली तरी ते रडलं नाही. तिच्याकडे बघत होतं, आपल्या माणसाकडे बघावं तसं.

नर्स गेल्यावर आजीनं बाळ पाठीवरून उतरवून पलंगावर ठेवलं. त्याच्याकडे बघितलं. मग ताईकडे. ताईनं डोळे खाली घातले. आजीनं बाळाच्या अंगातला लोकरीचा कोट काढला, हळू, हात दुखू न देता. शहरातून आलेलं दुकानी झबलं घातलं. कोट घडी करून पेटीत ठेवला आणि पेटी पलंगाखाली ढकलली.

त्या दिवसापासून ती 'अहो' म्हणत नाही. चहा ओततानाही नाही.

९

आता सूर्य परत आला आहे, दुपारी थोडा वेळ. बाळ रडत नाही. गरज पडली नाही तर त्याला कोणी पाठीवर घेत नाही. ताई दूध पाजते आणि लगेच खाली ठेवते. मामा इकडे यायचा कमी झाला आहे. आजी मात्र बाळाचं सगळं करते. लंगोट बदलते, पाणी पाजते, ते फार पाणी पितं. समोर खुर्ची घेऊन बसते, हात मांडीवर, पाठ सरळ. परक्या पाहुण्यासमोर बसावं तशी. ते पडल्या पडल्या खिडकीतल्या काचेच्या बरण्यांकडे बघतं, आजी लोणी-जाम ठेवते त्या.

मार्गो वसंतात गावात येणार आहे. मला शिकायला दक्षिणेकडे पाठवायचं का, हे ती आईशी बोलणार आहे. मी जाईन. जाताना वाईट वाटेल का, असं मी स्वतःला विचारून बघितलं. मग सोबत काय न्यायचं त्याची यादी केली.

ताई आत्ता दुकानात गेली आहे. आई कामावर. आतल्या खोलीत आजी आणि बाळ दोघंच आहेत. मघापासून तिकडून बोलण्याचा आवाज येतो आहे, हळू, आणि तो आजीचा नाही. मी आधी रेडिओ समजले. रेडिओ इथे माझ्या टेबलावर आहे, बंद. शेजारचे असतील म्हणून बाहेर बघितलं, शेजाऱ्यांची गाडी नाही. तिसरं काही असेल तर मला सुचत नाही.

"बाबा," आजी हाक मारते आहे. "जरा इकडे या. पाहुणे काय म्हणताहेत ते मला सांगा. मला त्यांची भाषा येत नाही."

तिचा आवाज नेहमीसारखाच आहे. घरी आलेल्याला चहात साखर हवी का, हे विचारायला मला बोलावते, तसा. मला ती भाषा येते. मी उठते आहे, फक्त एवढं लिहून ठेवते की मला भीती वाटत नाही, मला ऐकायचंच आहे, कारण जहाजातल्या त्या बंद खोलीत तो एकटा असताना त्यानं शेवटी काय बघितलं ते —